ॲल्गॉनक्विनला एकटीने कनू ट्रिप: पहिल्यांदा कुठे जावं?

मीनल_वॉटर्लू

नमस्कार मंडळी. इथे कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. मी आणि नवरा दर उन्हाळ्यात इथल्या ॲल्गॉनक्विन पार्कला कनू, म्हणजे वल्ह्याची लांबट हलकी होडी, घेऊन जातो. तो मागे बसून दिशा सांभाळतो, मी पुढे बसून वल्हं मारते. तंबू लावणं, चूल पेटवणं, रात्री अन्न झाडाला टांगणं, हे सगळं मला येतं. मुलगी आता युनिव्हर्सिटीत गेली. यंदा सप्टेंबरात मला एकटीला जायचंय, तीन रात्री. घरात काही बिनसलेलं नाही, नवऱ्याचा पूर्ण पाठिंबा आहे. सगळं स्वतःच्या हाताने करून बघायची फार इच्छा आहे, एवढंच.

डोक्यात दोन जागा आहेत. एक ओपिओंगो लेक. तिथे मोठ्या भागात पोर्टेजच (दोन तलावांमधली, कनू आणि सामान वाहून न्यायची पायवाट) नाही, म्हणजे कनू डोक्यावर घ्यायचा प्रश्न मिटला. दुसरी, कनू लेकहून जो लेक, तिथून बर्न्ट आयलंड लेक आणि जमलं तर पुढे लिटल ऑटरस्लाइड.

माझे प्रश्न: यातलं काय निवडू? दोघांची कनू एकटीला हाकता येते का? अस्वलाचं किती मनावर घ्यायचं? आणि एकटीला कनू उचलता येते का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे. साताऱ्याहून सासूबाई रोज फोनवर विचारतात, "अगं पण एकटीच का?" त्यांना काय सांगावं तेही कुणी सुचवलं तर बरं.

ट्रेलवेडा

ओपिओंगो घ्या. वॉटर टॅक्सी मिळते, ती कनूसकट पार पलीकडे नेऊन सोडते. सामान उचलायचे कष्ट नाहीत, जागाही सुंदर आहेत. मात्र माझं प्रामाणिक मत विचाराल तर एकटं जाऊच नये. पोर्टेजवर पाय मुरगळला तर कोण येणार? दोन कनू करा, हवं तर वेगवेगळ्या साइटवर राहा.

सुलभा_पीटरबरो

मीनल, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. मी मूळची चिपळूणची. पीटरबरोला येऊन निम्मं आयुष्य झालं आणि एकटीने कनू घेऊन जाणं हा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या प्रश्नांत अस्वल आहे, उंची आहे, पोर्टेज आहे, पण वारा कुठेच नाही. एकट्या माणसाच्या ट्रिपमध्ये सगळं वाऱ्यावर ठरतं.

म्हणून ओपिओंगो नको. तो पार्कातला सगळ्यात मोठा तलाव. पोर्टेज नाही म्हणून सोपा वाटतो आणि नेमका त्याच कारणाने अवघड आहे. पाणी मैलोन्‌मैल उघडं, वाऱ्याला अडवायला मध्ये काही नाही. सकाळी आरशासारखा असलेला तलाव दुपारी पांढऱ्या फेसाच्या लाटांनी भरतो. दोघं असताना एक जण जोर लावतो आणि दुसरा दिशा धरतो. एकटीला दोन्ही एकाच वल्ह्याने करायचं असतं, आणि वारा वाढला की सगळा जोर दिशा धरण्यातच जातो, कनू पुढे सरकतच नाही. वॉटर टॅक्सीने पलीकडे सोडलंस तरी परत तुलाच यायचंय, किंवा टॅक्सीची वाट बघत बसायचंय.

बर्न्ट आयलंड माझा अतिशय लाडका आहे, पण पहिल्या ट्रिपला तोही नको. तो लांबट आहे आणि आपल्याकडे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. जाताना तू पूर्वेला जाणार, वारा पाठीवर, भराभर पोचशील आणि मनात येईल, केवढं सोपं आहे. परतायच्या दिवशी तोच वारा तोंडावर असतो, आणि तेव्हा सोमवारी ऑफिस गाठायचं असतं, गाडी धक्क्यावर उभी असते. अपघात होतात ते अशा घाईच्या दिवशी.

त्याऐवजी टॉम थॉमसन लेक घे. सुरुवात तीच, हायवे ६० वरून कनू लेकचा धक्का. कनू लेक उत्तरेला पार करायचा, कडेकडेने. मग जो लेकचं २९५ मीटरचं पोर्टेज. वाट रुंद आहे, बंधाऱ्याच्या बाजूने जाते आणि दिवसभर माणसांची ये-जा असते, म्हणजे शिकायला उत्तम. जो लेकवर उजवीकडे बर्न्ट आयलंडचा रस्ता फुटतो. तू डावीकडे टीपी लेककडे वळ. पुढे लिटल ऑक्सटंग नदी, लिटलडो लेक आणि मग टॉम थॉमसन. पहिल्या पोर्टेजनंतर मोठं असं पोर्टेज नाही. नदीत बीव्हरने बांध घातला असेल तर उतरून कनू ओढून पलीकडे घ्यावी लागेल, सप्टेंबरात पाणी उतरलेलं असतं म्हणून चिखलही लागेल. सगळा रस्ता अरुंद आणि आडोशाचा आहे, किनारा कायम हाताशी. तिथेच तीन रात्री मुक्काम ठेव आणि दिवसा रिकाम्या कनूने आसपास फिर. रोज तंबू हलवायची गरज नाही.

या तलावाला ज्याचं नाव दिलंय तो चित्रकार टॉम थॉमसन याच पाण्यावर फिरायचा, वाटाड्याचं कामही करायचा. जुलै १९१७ मध्ये तो कनू लेकवर एकटा निघाला आणि आठ दिवसांनी त्याचं शव सापडलं. काय झालं यावर लोक आजही वाद घालतात. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते, हे पाणी त्याच्या ओळखीचं होतं.

आता कनू. दोघांची कनू एकटीला हाकता येते, फक्त मागच्या सीटवर बसू नकोस. तिथे बसलीस की पुढचं टोक हवेत जातं आणि वारा त्याला धरून कनू भिंगरीसारखी फिरवतो. उलटी बस. म्हणजे पुढच्या सीटवर, पण मागच्या टोकाकडे तोंड करून. मग तेच टोक पुढचं होतं आणि तू कनूच्या मध्याच्या बरीच जवळ येतेस. सॅक आणि अन्नाचं पिंप तुझ्या पुढे ठेव. वारा तोंडावर असेल तर वजन आणखी थोडं पुढे सरकव, पाठीवर असेल तर थोडं मागे. मुक्कामाहून रिकामी फिरायला निघशील तेव्हा एका ड्राय बॅगमध्ये (पाणी न झिरपणारी पिशवी) तलावाचं पाणी भरून पुढे ठेव. लाट असेल तेव्हा सीटवरून उतरून गुडघ्यांवर बस, गुडघ्यांखाली फोमचा तुकडा घे.

वल्हं एकाच बाजूने मारायचं आणि प्रत्येक फटक्याच्या शेवटी पातं किंचित बाहेर ढकलायचं, यालाच जे-स्ट्रोक म्हणतात. तू आजवर पुढे बसलीस, म्हणजे हा तुझ्या हातात नसणार. जून-जुलैमध्ये घराजवळच्या एखाद्या तलावावर जाऊन पक्का कर. इथल्या ओमर स्ट्रिंगर नावाच्या जुन्या वाटाड्याची एकट्याने वल्हवायची पद्धत फार नावाजलेली होती: मध्याजवळ गुडघ्यांवर, एका कडेला सरकून, कनू त्या बाजूला कललेली. पहिल्यांदा बघताना उलटेल असं वाटतं, पण कललेली कनू वळायला हलकी होते आणि वल्हं सरळ खाली पाण्यात जातं. शांत पाण्यात हे नक्की करून बघ.

आणि मुद्दाम उलटून बघ. किनाऱ्याजवळ, जुलैच्या कोमट पाण्यात, लाइफ जॅकेट घालून. तेव्हा कळतं की सामानाने भरलेली कनू खोल पाण्यात एकटीने सरळ करून परत चढणं जवळपास अशक्य आहे. म्हणून माझा नियम असा, पोहून गाठता येईल त्याहून किनारा लांब ठेवायचा नाही, मग रस्ता दुप्पट झाला तरी चालेल. खाडी आडवी कापायचा मोह होतो, तेव्हा वळसा घालायचा. दुसरा नियम, ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते अंगावर असलं पाहिजे, कनूत नाही. शिट्टी, सॅटेलाइट यंत्र, काड्यापेटीची पाणी न शिरणारी डबी, हे सगळं जॅकेटच्या खिशात. उलटलेली रिकामी कनू वारा तुझ्यापेक्षा वेगाने घेऊन जातो. कायदा म्हणतो जॅकेट बोटीत असावं, मी म्हणते ते अंगावर आणि चेन लावलेलं असावं. कायद्याने लागणारी १५ मीटर तरंगती दोरी आणि पाणी उपसायचं भांडंही घे, भाड्याच्या कनूबरोबर बहुधा मिळतं, निघण्याआधी बघून घ्यायचं.

थंड पाण्याबद्दल इथे १-१०-१ शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि साधारण तासाभराने शुद्ध हरपते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी एवढं गार नसतं. पानांचे रंग बघायला लोक ऑक्टोबरात जातात आणि बर्फ वितळल्यावर लगेच मेमध्ये जातात, तेव्हा मात्र हे आकडे खरे होतात. तू सप्टेंबर निवडलास ते फार छान. ब्लॅकफ्लाय (चावऱ्या काळ्या माश्या) नाहीत, डास जवळपास नाहीत, गर्दी ओसरलेली.

उंचीचं म्हणशील तर मी तुझ्याहून इंचभर बुटकी आहे. केव्हलार या हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची १६ फुटी कनू साधारण २० किलो असते. तिला मांडीवर ओढून एका हिसक्यात डोक्यावर घ्यायची पद्धत दिसायला छान, पण आपल्याला दुसरी सोयीची. कनू गवतावर पालथी कर. पुढचं टोक दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घे, मागचं टोक जमिनीवरच टेकलेलं राहू दे. मग दोन्ही कडा धरून मागे मागे सरकत जा. योक, म्हणजे मधली खांद्यांवर बसणारी लाकडी पट्टी, मानेला लागली की थांब, खांदे आत घाल आणि पुढचं टोक हळूच खाली येऊ दे. मागचं टोक आपोआप वर उठतं आणि सगळं वजन खांद्यांवर समतोल बसतं. उतरवताना हेच उलट. कनू आणि सॅक एकदम न्यायची हौस करू नकोस. आधी सॅक ने, वाट बघून घे, मग कनू. एक किलोमीटरचं पोर्टेज असं केल्यावर तीन किलोमीटर चालणं होतं, ते वेळेच्या हिशोबात धर.

ट्रेलवेडा, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, एकट्याला मुरगळलेला पायही महागात पडतो. म्हणूनच पावलं जपून टाकायची, ओल्या मुळांवर आणि खडकांवर विशेष. दोन कनूंची ट्रिप सुंदर असते. पण मीनलला जे हवंय ते त्यात मिळणार नाही. दुसरं माणूस आवाजाच्या अंतरावर असलं की निर्णय अर्धा त्याच्यावर टाकला जातो.

अनघा_ओटावा

सुलभाताईंनी वाऱ्याबद्दल लिहिलं ते अगदी पटलं. मी घरच्या माणसांच्या बाजूने लिहिते, कारण माझा नवरा एकटा जातो आणि वाट मी बघते.

आत फोनला रेंज मिळेल असं धरूनच चालू नका. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, भाड्यानेही मिळतो. रोज संध्याकाळी "पोचले, ठीक आहे" एवढाच मेसेज. पण निघायच्या आधी घरी एक गोष्ट बोलून ठेवा, मेसेज आला नाही म्हणजे संकट आलं असं नाही. बॅटरी जाते, दाट झाडीखाली सिग्नल लागत नाही. आमचं ठरलेलं आहे: परतायच्या दिवसानंतरचा आणखी एक पूर्ण दिवस तो वाऱ्यात अडकला असं धरायचं. त्यानंतरही काही कळलं नाही तर मी ओंटारियो प्रांताच्या पोलिसांना फोन करायचा. फ्रिजवर कागद लावलेला असतो, त्यात गाडीचा नंबर, कुठल्या धक्क्यावर उभी आहे ते, तंबूचा आणि कनूचा रंग, रोजच्या मुक्कामाचा तलाव. हे लिहिलेलं असलं की मला झोप लागते.

सासूबाईंना मेसेजचं वेळापत्रकच सांगा. "काळजी करू नका" म्हटल्याने कुणाची काळजी थांबत नाही. "रोज इथे रात्र आणि तुमच्याकडे सकाळ झाली की निरोप येईल" असं सांगितलं तर त्यांना धरायला काहीतरी राहतं.

देवगडकर

मी देवगडात बसून हे वाचतोय. आमच्याकडे लहान होडीला बाजूला उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, असते, त्यामुळे एकटा माणूसही लाटेत बिनधास्त उभा राहून जाळं टाकतो. तुमच्या कनूला उलांडी का लावत नाहीत? एवढी उलटायची भीती असेल तर?

सुलभा_पीटरबरो

देवगडकर, किती दिवसांनी हा शब्द वाचला! माझ्या आजोळी दाभोळच्या खाडीत उलांडीच्या होडीतूनच आम्ही पलीकडे जायचो. इथे ती लावत नाहीत ते पोर्टेजमुळे. हा सगळा प्रदेश एकमेकांजवळच्या तलावांचा आहे आणि दोन तलावांच्या मध्ये जंगल, खडक, धबधबे. होडी पाण्यावर जितकी चांगली तितकीच खांद्यावर चांगली हवी. इथले मूळ रहिवासी, अनिशिनाबे लोक, बर्चच्या सालीच्या कनू करायचे: सीडरच्या फाकांच्या बरगड्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण, डिंकाने सांधे बुजवलेले. एक माणूस डोक्यावर घेऊन जंगलातून चालू शकेल इतकी हलकी. आजची केव्हलारची कनू आकाराने जवळजवळ तीच आहे. आमच्या पीटरबरोत कनूचं मोठं संग्रहालय आहे, २०२४ मध्ये नव्या इमारतीत आलंय, अगदी पाण्याच्या काठावर. या बाजूला आलात तर मी स्वतः दाखवीन.

मीनल_वॉटर्लू

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉम थॉमसन लेक नक्की केलं. जे-स्ट्रोकसाठी जूनपासून शनिवारी सकाळी जाणार आहे. दोन गोष्टी राहिल्या, अस्वल आणि रात्र. खरं सांगते, उजेडात मला कसलीच भीती नाही. अंधार पडल्यावर तंबूबाहेर पान हललं तरी मी नवऱ्याला उठवते. आणि खाणं काय नेऊ? फोडणीच्या वासाने अस्वल येतं असं कुणीतरी म्हणालं.

सुलभा_पीटरबरो

अस्वलाचं आधी. काळं अस्वल बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागताच निघून जातं. माणसं मारली गेल्याच्या घटना या पार्कात घडल्या आहेत, एकदा १९७८ मध्ये, आणि नंतर १९९१ मध्ये ओपिओंगोच्या बेट्स आयलंडवर. हे लपवून तुला धीर देण्यात अर्थ नाही. पण इतक्या वर्षांत इतकी माणसं रात्री आत झोपतात, त्या मानाने हे फार विरळ. समोर आलंच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, मोठ्याने बोलत मागे सरकायचं. अंगावर आलंच तर मेल्याचं सोंग काळ्या अस्वलापुढे करायचं नाही, हातात असेल त्याने मारायचं. सप्टेंबरात ती थंडीसाठी पोट भरत असतात, म्हणून अन्नाची शिस्त जास्त कडक.

फोडणी घरी करून ये. मी बेसन खमंग भाजून त्यात तिखट-मीठ, जिरं आणि सुका लसूण घालून नेते, उकळत्या पाण्यात टाकलं की पाच मिनिटांत पिठलं. मेतकूट-भात, दशम्या, भाजलेला रवा. लोणचं काचेच्या बाटलीतून नेऊ नकोस, आतल्या भागात पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत घे. तंबूपासून लांब शिजव आणि लांब खा. खरकटं तलावात टाकायचं नाही. रात्री अन्नच नव्हे, टूथपेस्ट, साबण, ओठांचं क्रीम, सगळं पिंपात घालून टांग, जमिनीपासून निदान चार मीटर उंच आणि खोडापासून लांब. दोरी उजेडातच टाकून ठेव. अंधारात टॉर्च तोंडात धरून फांदीवर दोरी फेकायची म्हणजे वैताग.

तंबू लावताना आधी वर बघ. वाळकी फांदी, अर्धवट पडलेलं झाड, पोकळ खोड दिसलं तर ती जागा सोड, कितीही सपाट असली तरी. २१ मे २०२२ ला ओंटारियोत वादळी वाऱ्याची जी मोठी रांग आली, तिच्यात झाडं पडून माणसं गेली. अस्वलाची भीती सगळ्यांना असते, डोक्यावरच्या फांदीची कुणाला नसते, आणि हे उलट असायला हवं.

रात्रीबद्दल. पहिली रात्र वाईट जाते, हे धरूनच चल. तू घाबरट आहेस म्हणून नाही, कान नवे असतात म्हणून. चिपमंक, म्हणजे इथली छोटी खार, पानांतून पळतो तेव्हा अस्वल चालल्यासारखं वाटतं. बीव्हर शेपूट पाण्यावर आपटतो तेव्हा कुणीतरी मोठा धोंडा टाकला असं वाटतं. लून हा पाणपक्षी ओरडतो तो आवाज तर तुझ्या ओळखीचाच आहे, पण एकटीला तो निराळा लागतो. मी पहिल्या रात्री लवकर झोपायचा प्रयत्नच करत नाही. चहा करून पाण्याच्या काठाशी बसते, अंधार नीट पडू देते, एकेक आवाज कशाचा ते ओळखत राहते. ओळखलेल्या आवाजाची भीती जाते. दुसऱ्या रात्री आपोआप झोप लागते. एक रात्र राहून परत आलेल्या बायका मला भेटल्यात, त्यांना वाटतं आपल्याला हे जमत नाही. त्यांनी सगळ्यात अवघड भाग पार करून पुढचा सोपा भाग सोडलेला असतो. म्हणून तीन रात्री ठरवल्यास ते मला फार आवडलं.

परतायच्या दिवसाचं. नदी आणि लहान तलाव आडोशाचे आहेत, पण कनू लेक शेवटी उघडा आहे आणि तुला दक्षिणेला जायचंय. पहाटे उठ, चहा थर्मासमध्ये भर, नाश्ता जो लेकच्या पोर्टेजवर कर. दहाच्या आत कनू लेक पार व्हायला हवा. पोर्टेजच्या टोकाला पोचल्यावर पाण्याकडे बघ, लांबवर काळपट सुरकुत्यांचा पट्टा सरकताना दिसला तर तो वारा आहे. किनाऱ्यावरच्या पॉपलरची पानं उलटी होऊन पांढरट दिसत असतील तरी तेच. फेस दिसला तर निघू नकोस, काठावर बसून राहा, संध्याकाळी बहुतेक वेळा वारा पडतो. त्यासाठी रजा एक दिवस जास्त टाक आणि एका दिवसाचं जेवण जास्त ने. हे मी सगळ्यांना सांगते आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, कारण रजा वाया जाईल असं वाटतं. रविवारी परतायचं ठेवूच नकोस, सोमवार ते गुरुवार जा. शुक्रवार मोकळा राहतो.

मीनल_वॉटर्लू

शुक्रवारची रजा आत्ताच टाकली. सासूबाईंना अनघाताईंचं वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, निरोप मराठीत येईल का.

अनघा_ओटावा

यंत्रावर देवनागरी नीट उमटेलच असं नाही. "पोचले" असं इंग्रजी अक्षरांत लिहा आणि जायच्या आधी एकदा अंगणातून साताऱ्याला पाठवून बघा.

सुलभा_पीटरबरो

आणि मीनल, आतल्या साइटचं बुकिंग पाच महिने आधी सकाळी सात वाजता उघडतं. १४ सप्टेंबरला निघायचं असेल तर १४ एप्रिलला सात वाजता लॅपटॉपसमोर बसायचं. कनू लेकच्या बाजूच्या जागा लवकर भरतात. टॉम थॉमसन मिळालं नाही तर लिटलडो घे, ते रस्त्यातच आहे.